कपाटाची किल्ली

बँकेच्या काउंटरमागे ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला एक वाक्य पाठ असते. "साहेब, चष्मा घरी राहिला, तेवढी स्लिप भरून देता का?" नोकरीत नवा होतो तेव्हा मला या वाक्यातला चष्मा खरा वाटत असे. पुढे लक्षात आले, की एका तालुक्याच्या गावात एवढ्या लोकांना एवढे चष्मे असणे शक्य नाही. सही करता येते, आकड्यांत रक्कम लिहिता येते; पण 'अक्षरी रुपये' या ओळीपाशी पेन थांबते. पेन थांबले, की चष्मा घरी राहतो. आपण मुकाट्याने स्लिप भरावी, पुढे सरकवावी आणि चष्म्याविषयी काही विचारू नये, हा काउंटरवरचा अलिखित शिष्टाचार आहे. तो मी पाळत आलो.

१९९६ च्या सुमारास माझी बदली सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्याच गावच्या शाखेत झाली. एके दिवशी समोर उभ्या राहिलेल्या माणसाने माझे नाव घेऊन हाक मारली. सहावी-सातवीत तो माझ्याच बाकावर बसायचा. वर्गात धडा मोठ्याने वाचायचा असला, की गुरुजी त्याला उभे करीत. माझी जीभ जोडाक्षराला अडखळत असे; तो मात्र स्वल्पविराम, पूर्णविराम सांभाळून असा वाची, की मागच्या बाकावरचे कुजबुजणे थांबे. त्याने स्लिप माझ्याकडे सरकवली. "तूच भर की," तो म्हणाला, "चष्मा घरी राहिला." आम्ही दोघेही पस्तिशीत होतो आणि दोघांपैकी कुणालाही चष्मा लागलेला नव्हता.

स्लिप मी भरून दिली. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनात राहिला तो राहिलाच. इतके चांगले वाचणाऱ्या मुलाचे वाचन गेले कुठे?

तो सातवीनंतर शाळेत आला नाही, हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला पोहता येत असले तर पुढच्या वीस वर्षांत तो पोहणे विसरत नाही. सायकल विसरत नाही. मग वाचणेच का विसरतो? मी मागे जाऊन आमच्या दोघांच्या आयुष्यातला फरक शोधू लागलो, तेव्हा मला १९७३ चा मे महिना आठवला. दुष्काळाचे वर्ष. आमच्या भागात विहिरींनी तळ गाठला होता. त्याचे घरचे सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि सुटी लागल्याबरोबर तोही त्यांच्याबरोबर जाऊ लागला. माझे वडील पगारदार. त्यामुळे मी दुपारभर गावच्या वाचनालयात पडीक असे. बाहेर ऊन मी म्हणायचे आणि आत जुन्या पुस्तकांचा, खळीचा आणि माठातल्या पाण्याचा असा एक मिश्र वास असायचा. ग्रंथपाल, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मला पुस्तकांच्या फाटक्या पाठी चिकटवायला बसवीत आणि त्या कामाची मजुरी म्हणून चिकटवलेले पुस्तक तिथेच वाचू देत. 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले होते. त्याचे अंक मी त्याच टेबलावर वाचले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही मला तिथेच भेटले. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा गुरुजींनी सवयीने त्याला धडा वाचायला उभे केले. तो वाचू लागला, आणि दोन ठिकाणी अडखळला. तेवढेच. त्या वेळी ते कुणाला जाणवण्यासारखेही नव्हते.

माझ्या हुशारीची ही गोष्ट नव्हे, हे वेगळे सांगायला नको. वर्गात दोघांना मिळालेले शिक्षण सारखेच होते. फरक पडला तो वर्ग बंद असताना.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर बचत खात्यावर दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. मग पुन्हा अर्ज करा, ओळख पटवा, सही जुळवा. तरी त्यातली रक्कम शाबूत राहते, बचतीचे व्याजही पडत राहते. वाचनाचे तसे नाही. तिथे व्यवहार थांबला, की मुद्दलच झिजते. आणि हे झिजणे सर्वांत घातक ठरते ते पाचवी ते आठवीच्या वयात. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकत असते. अक्षर लावणे, शब्द जुळवणे यात त्याची सारी शक्ती जाते. पाचवीनंतर इतिहास, विज्ञान, भूगोल सारेच वाचून शिकायचे असते. ज्याच्या डोळ्यांना अजून शब्द जुळवावा लागतो, त्याला त्या शब्दामागचा अर्थ धरायला सवड मिळत नाही. तो धडा पाठ करतो, गाइडमधले उत्तर उतरवतो, पासही होतो. पण वाचक होत नाही. आणि वाचक न झालेल्या मुलाच्या आयुष्यात शाळा संपते त्या दिवशी वाचनही संपते.

आजचे चित्र तरी वेगळे आहे का? 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा वाचायला दिला जातो. देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो सलग वाचता येत नाही, हे २०१८ साली दिसले. करोनानंतर २०२२ साली चित्र आणखी बिघडले आणि २०२४ साली ते पुन्हा जवळपास मूळच्या जागी आले. म्हणजे सावरून आपण पोहोचलो कुठे, तर निम्म्यावर.

शहरातल्या सुशिक्षित पालकांनी हे आकडे आपले नव्हेत म्हणून पान उलटू नये. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या त्यांच्या सातवीतल्या मुलापुढे मराठी कादंबरीचे एक पान ठेवून पाहावे. मूल घरात अस्खलित मराठी बोलते, पण 'प्रतिष्ठा' आणि 'दुर्लक्ष' या शब्दांपाशी थांबते. त्याचे इंग्रजीचे खाते चालू असेल; मराठीचे निष्क्रिय होण्याच्या मार्गावर आहे. पंचवीस वर्षांनी त्यालाही आजीचे एखादे जुने पत्र हातात घेऊन चष्मा घरी राहिल्याचे सांगावे लागेल.

सुटी आणि वाचन यांचा संबंध अभ्यासकांनीही तपासला आहे. अमेरिकेत बार्बरा हाइन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू घरांतली मुले बऱ्याच अंशी बरोबरीने पुढे सरकतात. सुटीत मात्र त्यांच्यातले अंतर वाढते, असे त्यांना आढळले. आणि सुटीत जी मुले पुढे सरकली, त्यांच्या बाबतीत सातत्याने दिसणारी गोष्ट म्हणजे त्यांनी वाचलेली पुस्तके आणि सार्वजनिक वाचनालयाचा केलेला वापर. वाचनालय घरापासून किती लांब आहे, यानेसुद्धा फरक पडत होता. अलीकडे काही संशोधकांनी या अंतराविषयी शंका घेतली आहे. ते सुटीत वाढते, की मूल शाळेत येण्यापूर्वीच पडलेले असते, हा वाद चालू आहे. तो त्यांनी जरूर घालावा. पण सुटीतले वाचन उपयोगाचे नाही, असे त्या वादातही कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

याच संदर्भात फ्लोरिडातला एक प्रयोग मला फार आवडतो. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतल्या सतरा शाळांमधल्या, पहिली-दुसरी संपवलेल्या ८५२ मुलांना सलग तीन वर्षे उन्हाळ्याच्या सुटीआधी बारा-बारा पुस्तके दिली गेली. कायमची. अट एकच, की पुस्तके मुलांनीच निवडायची. त्यांनी काय निवडले? पॉप गायक आणि टीव्हीवरचे तारे यांच्यावरची पुस्तके आघाडीवर होती. आपल्याकडे एखाद्या गुरुजींनी कपाळाला हात लावला असता. पण तीन वर्षांनी या मुलांचे वाचन पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस ठरले. त्यांना कुणी शिकवले नव्हते, प्रश्न विचारले नव्हते, सारांश लिहून घेतले नव्हते. पुस्तके घरात होती आणि ती त्यांच्या पसंतीची होती, एवढेच.

अमेरिकेची उदाहरणे दिली, की आपल्याकडे 'त्यांच्याकडे पैसा आहे' असे उत्तर तयार असते. म्हणून शंभरेक वर्षांपूर्वीचे आपल्या शेजारचे उदाहरण देतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला एक मुलगा वयाच्या बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि त्यानंतर त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पण शाळेत शिकलेला माणूस हाती पुस्तक न राहिल्यामुळे पुन्हा निरक्षर होतो, हेही त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, गावोगाव वाचनालये काढली; आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली. शाळा काढणारे राजे पुष्कळ झाले. शाळेत शिकलेले टिकावे म्हणून पेटी पाठवणारा विरळा.

आता आजच्या आपल्या पेट्यांकडे, म्हणजे कपाटांकडे येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. त्यामुळे बहुतेक शाळांत निदान एक कपाट असते. निवृत्तीनंतर लेखक म्हणून मला शाळांमध्ये बोलावतात. भाषण झाले, की मी ते कपाट पाहायला मागतो. एका शाळेत किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. कपाट उघडले, तर आतल्या पुस्तकांचे बाइंडिंग इतके कोरे, की पान उलटताना करकर आवाज यावा. मुख्याध्यापिका प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या, "सर, ही सगळी पुस्तके रजिस्टरला चढलेली आहेत. उद्या एखादे हरवले, तर तपासणीत मी काय दाखवू?"

मी त्यांना हसलो नाही. माझा निम्मा जन्म ऑडिटला तोंड देण्यात गेला आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि आपल्याकडची किल्ली रात्री उशाला घेऊन झोपणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पण बँक आणि हे कपाट यांत एक फरक आहे. तिजोरीतले पैसे तिजोरीत ठेवण्यासाठी नसतात, कर्जाऊ देण्यासाठी असतात, हे बँकेला माहीत असते. आणि दिलेल्या कर्जांतली काही बुडणार, हेही तिला माहीत असते. म्हणून सुरळीत फेडल्या जाणाऱ्या सर्वसाधारण कर्जावरसुद्धा शंभर रुपयांमागे चाळीस पैसे तरतूद तिला आधीच करून ठेवावी लागते. एकही कर्ज कधी बुडाले नाही असे सांगणारा शाखाधिकारी भेटला, तर वरिष्ठ त्याचे कौतुक करत नाहीत. हा कर्जे देतो की नाही, अशी शंका घेतात. शाळेच्या ग्रंथालयाला हाच नियम लावायला काय हरकत आहे? शंभर पुस्तके बाहेर गेली, तर वर्षाकाठी पाच-सात हरवतील, फाटतील, हे धरूनच चालावे. शिक्षण खात्याने तसे स्पष्ट परिपत्रक काढावे, की एवढ्या टक्क्यांपर्यंतची तूट हा वापराचा खर्च आहे आणि तो कुणाच्या पगारातून वसूल होणार नाही. एका कागदाने शेकडो कपाटे उघडतील. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. त्यांतल्या पहिल्या नियमाचा आशय हाच, की पुस्तक वापरण्यासाठी असते. युरोपात मध्ययुगात पुस्तके साखळीने बांधून ठेवत. आपण साखळीऐवजी कुलूप वापरतो.

माझी मागणी साधी आहे. आपल्याकडे वार्षिक निकाल बहुधा एक मेच्या सुमारास हाती पडतात. त्या दिवशी पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला प्रगतिपुस्तकाबरोबर तीन पुस्तके द्यावीत. कपाट उघडे टाकावे, मुलांना निवडू द्यावे, वहीत नाव लिहून घ्यावे. जूनमध्ये परत आणायची. वाचून झाली नाहीत तरी आणायची, फाटली तरी आणायची. ज्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, त्याने दुपारचे दोन तास मुलांसाठी पंखा आणि माठ यांची सोय करावी.

तीनच पुस्तके का? जुन्या सवयीने हिशेब मांडतो. सुटी पंचेचाळीस दिवसांची धरली आणि मूल रोज वीस मिनिटे वाचते असे धरले, तर ९०० मिनिटे होतात. सहावीतल्या मुलाचा वेग मिनिटाला ऐंशी शब्द धरला, तर बहात्तर हजार शब्द. शंभर-सव्वाशे पानांच्या मुलांच्या कादंबरीत साधारण वीस-पंचवीस हजार शब्द असतात. म्हणजे तीन पुस्तके. पाचवी ते आठवीच्या चार सुट्यांत बारा. रोजच्या वीस मिनिटांवर याहून चांगला परतावा देणारी योजना मला तरी माझ्या बँकेत कधी विकायला मिळाली नाही.

घरच्यांसाठीही दोन शब्द. वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहायला लावू नका. तात्पर्य विचारू नका. शेजारच्या मुलीने किती पुस्तके वाचली, हे सांगू नका. आवडले नाही तर पुस्तक अर्धे सोडू द्या, आपणही सोडतो. चित्रकथा, भुताच्या गोष्टी, क्रिकेटपटूंची चरित्रे यांना कमी लेखू नका. ज्याला मराठी वाचायला जड जाते, त्याच्याबरोबर एक पान तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. त्याचे वय बारा आहे म्हणून लाजू नका. फोनचा राग राग करण्यापेक्षा त्याचा एक उपयोग सांगतो. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. आणि सर्वांत अवघड सूचना शेवटी. त्या वीस मिनिटांत घरातल्या एका मोठ्या माणसाने स्वतःही काहीतरी वाचत बसावे. आपण टीव्हीसमोर बसून मुलाला 'जा, वाच' म्हणणे, हे कर्ज बुडवणाऱ्याने बचतीवर व्याख्यान देण्यासारखे आहे.

खडी फोडायला, वीटभट्टीवर, उसाच्या तोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच. तीन पुस्तकांनी दारिद्र्य हटत नाही, हे मला समजते. पण माझ्या बाकावरच्या त्या मित्राच्या पिशवीत त्या मे महिन्यात भाकरीबरोबर एखादे पुस्तक असते, तर दुपारच्या सुटीत झाडाखाली त्याने ते नक्की उघडले असते. वाचणे ही त्याची हौस होती. ते पुस्तक त्याला द्यायचे कुणाला सुचले नाही. गावच्या वाचनालयात मी रोज बसत होतो. मलाही सुचले नाही.

किल्ली न सापडणाऱ्या त्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाईंनी पुढच्या मे महिन्यात धीर केला. हरवलेल्या पुस्तकांची भरपाई मी करीन, एवढी हमी मी लिहून दिली. जामीन राहायची सवय होतीच. सहावीच्या एका वर्गापुरती पुस्तके वाटली गेली. जूनमध्ये बाईंचा फोन आला. चार पुस्तके परत आली नव्हती. दोन हरवली, एक शेळीने खाल्ले. चौथ्याविषयी मुलगी म्हणाली, "बाई, माझे केव्हाच वाचून झाले. पण आईचे राहिले आहे. ती हळू वाचते."

आई आठवीतून शाळा सोडलेली. ते पुस्तक परत मागू नका, असे मी बाईंना सांगितले आणि चार पुस्तकांचे पैसे पाठवून दिले.